अनसूयेचं दार

"मॅडम, गोष्टीतली बाई दाराला तेल घालते म्हणजे ती दाराला तेल घालते, एवढंच असलं तर लेखकाला काय फाशी देतात का?"

प्रश्न माझा नव्हता. तो माझ्या बाकावरच्या अफरीन आणि गौतमीने तास चालू असतानाच तयार केला होता. "दम असेल तर विचारून दाखव, नाहीतर महिनाभर आमच्या पाण्याच्या बाटल्या तू भरायच्या," अशी पैज. मी उभी राहिले, हात मागे बांधले आणि विचारला. नववी ब अशी काही हसली की शेजारच्या वर्गातले सर दारात डोकावून गेले.

हत्तरकी मॅडम मात्र हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी हातातला जुना दिवाळी अंक टेबलावर उपडा ठेवला. दर शुक्रवारी त्या पुस्तकाबाहेरची एक गोष्ट वाचून दाखवायच्या आणि मग तासभर तिची चिरफाड चालायची. हे कशाचं प्रतीक, ते कशाचं प्रतीक. त्या शुक्रवारची गोष्ट अनसूयेची होती.

अनसूयेचा नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत जहाजावर नोकरीला जातो आणि परत येत नाही. पत्र नाही, निरोप नाही. ती सासरीच राबत राहते. सासू तिला एकटीला बाजारातसुद्धा पाठवत नाही, आणि रात्री स्वतःचं अंथरूण दाराला लागून घालते. दर शनिवारी अनसूया दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालते. गाव म्हणतं, बघा, नवऱ्याची वाट बघते, आला तर दार अडायला नको म्हणून. असं कितीतरी वर्षं. मग एका सकाळी दार उघडं असतं आणि अनसूया घरात नसते. सगळं गाव विहिरीवर धावतं. त्यानंतर शेवटी सासूचा आणि दाराचा एक छोटा परिच्छेद होता, बस्स.

"लेखकाला फाशी देत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "वाचणाऱ्यालाही देत नाहीत. तुला तेल नको ना? काढून टाक. पुढच्या आठवड्यात शाळेची कथाकथन स्पर्धा आहे. तेल काढून हीच गोष्ट सांग. बघू उभी राहते का."

"सांगते की!" मी म्हटलं. म्हणजे तोंडातून निघून गेलं.

हे सगळं तीन वर्षांपूर्वीचं. आता मी बारावीत आहे आणि मला गप्प बसवायला दोन माणसं लागतात. पण तेव्हाची मी म्हणजे हजेरीपुरती मुलगी. गडहिंग्लजमधल्या आमच्या शाळेत पाचवीपासून शिकत होते, तरी निम्म्या शिक्षकांना माझं नाव रेणुका की राधिका हे ठाऊक नव्हतं. तो फाशीचा प्रश्न हे मी वर्गात कुणी न विचारता बोललेलं पहिलं वाक्य असावं.

तर मी तेल काढलं. तेल गेल्यावर शेवटचा दाराचा परिच्छेदही निरर्थक झाला, तोही काढला. वेळ उरला, म्हणून विहीर वाढवली. गोष्टीत विहिरीची तीन-चारच वाक्यं होती, मी त्याचं दीड मिनिट केलं. सासू काठावर गुडघे टेकते, आत वाकून हाक मारते, "अनसूये… अगं अनसूये…" आणि आतून तिचाच आवाज परत येतो. तिथं मी आवाज असा काही फोडायचे की समोरच्या बायका पदर शोधायच्या.

शाळेत पहिली आले. तालुक्याला पहिली आले. परीक्षकांनी स्टेजवर बोलावून डोक्यावर हात ठेवला. वर्गातली पोरं मला 'अनसूये' म्हणून हाका मारायला लागली आणि मला ते आवडायला लागलं. पप्पांच्या बॅटरीच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की ते आधी मोबाईलवर माझा व्हिडिओ दाखवायचे, मग बॅटरी. आमच्या गल्लीतल्या सुमनकाकी महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांनी मंडळाच्या मेळाव्यात माझा कार्यक्रमच ठेवला. चौकात फलक लागला: 'पतिव्रता अनसूया, सादरकर्ती कु. रेणुका नलवडे.' शेजारी माझा फोटो, तोही बरा आलेला.

मी मॅडमना गाठून म्हटलं, "मॅडम, उभी राहिली की गोष्ट! मी म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस," मॅडम म्हणाल्या. "छान उभी राहिली. एकदा परत वाच, जमलं तर."

"अहो पाठ आहे मॅडम, पहिल्यापासून शेवटपर्यंत! काढलेलंसुद्धा पाठ आहे."

मॅडमनी मान हलवली आणि पुढचं बोलणं वेळेबद्दल केलं. जिल्ह्याच्या फेरीत आठ मिनिटं. सातव्या मिनिटाला एक घंटा, आठव्याला दुसरी. दुसऱ्या घंटेनंतर एक शब्द जरी बोललात तरी बाद.

जिल्ह्याची फेरी कोल्हापुरात, एका मोठ्या शाळेच्या सभागृहात. मेळाव्याच्या आधीचाच शुक्रवार. मॅडम, मी, अफरीन आणि गौतमी एसटीने गेलो. पप्पा दुकानाचा माल आणायला टेम्पो घेऊन येणार होते, ते परस्पर सभागृहात आले. मला ऐकायला त्यांनी पहिल्यांदाच दुकान बंद ठेवलं होतं. अंगात इस्त्रीचा शर्ट, बसले अगदी मागच्या रांगेत, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला बोटाने मला दाखवताना मी त्यांना बघितलं.

स्टेजवर फिरता करंडक ठेवला होता. आमच्या शाळेच्या कपाटात तो कधी आलेला नव्हता. अफरीन म्हणाली, "ए अनसूये, येताना ह्याला मांडीवर कोण घेणार, आत्ताच ठरवू या."

चिठ्ठ्या उचलल्या. माझा नंबर शेवटून तिसरा.

आणि त्या सभागृहाचं दार! उंच, जुनं, लाकडी. कुणी उशिरा आलं की 'कर्रर्र' असा लांबलचक आवाज व्हायचा आणि सगळं सभागृह वळून बघायचं. आलेला माणूस ओशाळून खाली वाकत वाकत खुर्ची शोधायचा. एका चुणचुणीत मुलीचं वाक्य ऐन रंगात आलं होतं, तेवढ्यात कर्रर्र. ती थांबली, तिला पुढचं आठवेना. शेवटी नमस्कार करून ती उतरली.

"बिचारी," गौतमी माझ्या कानाशी पुटपुटली. "ह्या दाराला कुणीतरी तेल घाला रे. म्हणजे कोण आलं नि कोण गेलं, कुणाला कळणार तरी नाही."

अफरीन तोंडावर हात धरून हसली. मीही हसले. आणि हसता हसता मध्येच माझं हसू थांबलं.

कोण गेलं.

दार वाजू नये असं कुणाला वाटतं? जो वाट बघत असतो त्याला तर दार वाजलेलं हवं असतं. पप्पा उशिरा येणार असले की आई फाटकाच्या कडीचा आवाज ऐकायला टीव्हीचा आवाज बारीक करते. अनसूया नवऱ्याची वाट बघत असती तर तिला ते दार मोठ्यांदा वाजायला हवं होतं. आणि सासूचं अंथरूण दाराला लागून. दर शनिवारी तेल. मला सगळं पाठ होतं, एकेक वाक्य, आणि ती वाक्यं आता एकामागून एक उलटी फिरून माझ्याकडे बघायला लागली. शेवटचा, मी काढून टाकलेला परिच्छेदसुद्धा.

"मॅडम," मी पलीकडे वाकले. "ती विहिरीत गेलीच नाही."

"कोण?"

"अनसूया."

मॅडमची नजर स्टेजवर होती. ती तशीच राहिली. "बरं," त्या हळूच म्हणाल्या.

"बरं काय? तुम्हाला माहीत होतं!"

"माझ्या माहीत असण्याचा तुला काय उपयोग होता? मी तासभर तेच तर सांगत होते, तेव्हा तुम्ही बाटल्यांच्या पैजा लावत होता."

म्हणजे पैजेचंही त्यांना माहीत होतं. "मग आता मी काय करू?"

आता मात्र मॅडम वळल्या. त्यांचा चेहरा मी वर्गात कधी बघितला नव्हता असा होता. "काही करू नकोस. पाठ आहे ते सांग. रेणुका, हे बघ, तू आज सगळ्यांत पुढं आहेस, मी ऐकलंय सगळ्यांना. पोरी आयत्या वेळी बदलायला जातात आणि मध्येच गळपटतात. आत्ता बघितलंस ना? करंडक घेऊ, मग घरी जाऊन हवं तेवढं बोलू."

"पण मॅडम, मी खोटी गोष्ट…"

"स्पर्धक क्रमांक सोळा, कुमारी रेणुका नलवडे!"

स्टेजच्या पायऱ्या चढताना मी खरंच काही ठरवलं नव्हतं. नंतर सगळे म्हणाले की हिनं आधीच ठरवलं होतं. नाही. माइकसमोर उभी राहिले तेव्हा डोक्यात दोन गोष्टी होत्या, आणि आठ मिनिटांत एकच मावणार होती. तेल घालायचं तर विहीर काढायला लागणार. माझा तो फुटणारा आवाज, बायकांचे पदर, पप्पांच्या गिऱ्हाइकांचा व्हिडिओ, सगळं त्या विहिरीपाशीच होतं. ते काढलं तर माझ्याकडे काय उरतं? पुन्हा रेणुका की राधिका.

सुरुवात केली. लग्न, जहाज, वाट बघणं. सगळं रोजच्यासारखं, सुरात. परीक्षकांतल्या एक बाई पुढं झुकून ऐकत होत्या. मग ती जागा आली, जिथून मी एरवी सरळ त्या शेवटच्या सकाळवर उडी मारायचे.

मी थांबले.

सभागृहाला वाटलं, विसरली. पहिल्या रांगेत अफरीनचे डोळे मोठे झाले. मला मागच्या रांगेतला इस्त्रीचा शर्ट दिसत होता.

"दर शनिवारी," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच नवीन वाटला, "दर शनिवारी अनसूया दिव्यातलं उरलेलं तेल बोटावर घ्यायची. आधी वरच्या बिजागरीला. मग खालच्या. मग दार सावकाश उघडायची. सावकाश लावायची. सासू कौतुकानं म्हणायची, माझ्या सुनेनं दाराला गंज चढू दिला नाही."

मॅडमनी डोळे मिटले. ते रागाने की कशाने, मला कळलं नाही.

पाठ होतं, पण तोंडाला सवय नव्हती. शब्द हळू येत होते. सासूचं अंथरूण आलं. एकटीनं बाजारात जायला बंदी आली. घाई करायला हवी होती, पण त्या वाक्यांत घाई करताच येईना, प्रत्येक वाक्य पाय रोवून उभं राहायचं. सातव्या मिनिटाची घंटा झाली तेव्हा मी अजून शेवटच्या सकाळपर्यंतही पोचले नव्हते.

"एका सकाळी दार उघडं होतं. अनसूया घरात नव्हती. गाव विहिरीवर धावलं." समोरच्या काही बायका सावरून बसल्या. तालुक्याच्या फेरीत मला ऐकलेल्या असणार, आता रडायचं ते त्यांना ठाऊक होतं. "माणसं विहिरीत वाकून बघत होती. पाणी स्वच्छ होतं. तळाचे दगडसुद्धा दिसत होते."

इथं मी विहीर सोडून दिली.

"सासू विहिरीवर गेली नाही. ती घरीच होती. ती दारापाशी गेली. तिनं दार लावलं. उघडलं. पुन्हा लावलं. पुन्हा…"

टण्ण.

दुसरी घंटा.

एकच वाक्य उरलं होतं. तीन शब्दांचं. वेळ मोजणाऱ्या सरांनी बोट वर करून मला खूण केली: बस्स. मॅडमनीही मान हलवली: नको. न बोलता नमस्कार करून उतरले असते तर गोष्ट थोडी तुटली असती एवढंच. गुण गेले असते, पण बाद झाले नसते. तिसरा नंबर तरी नक्की होता. बोलले तर काहीच नाही.

मी त्या सरांकडे बघितलं. मग समोर बघितलं.

"दार वाजलं नाही," मी म्हटलं.

टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या त्याही तुरळक. सरांनी कागदावर आडवी रेघ मारली, ती मला स्टेजवरूनही दिसली. पुढं झुकलेल्या त्या परीक्षक बाई तशाच बसून होत्या, पेन हातात, कागदाकडे न बघता.

करंडक दुसऱ्याच शाळेने नेला. मॅडम माझ्याशी एवढंच बोलल्या: "मला तो हवा होता गं." आणि थोड्या वेळाने, चपला शोधताना, माझ्याकडे न बघता, "सोमवारी वर्गात ही गोष्ट तू शिकवायचीस. पूर्ण." मग त्या अफरीन आणि गौतमीला घेऊन एसटीकडे गेल्या. गौतमीला अजून कळत नव्हतं की मी तिच्याकडे असं का बघत होते.

मी पप्पांच्या टेम्पोत बसले. मागे बॅटऱ्यांची खोकी. कागल मागे पडलं.

"विहिरीचं विसरलीस?" पप्पांनी विचारलं.

"नाही. सोडलं."

"का पण? तेवढंच तर भारी होतं! मी त्या शेजारच्याला सांगून ठेवलेलं, थांबा, आता बघा म्हणून. तो माझ्या तोंडाकडं बघायला लागला."

"गोष्टीत नाहीये ते पप्पा. मी घातलं होतं."

पप्पांनी गिअर बदलला. उसाच्या दोन ट्रॉल्यांना मागे टाकलं. मला वाटलं, विषय संपला. मी खिडकीबाहेर बघत रडायच्या बेतात होते.

"मग गेली कुठं ती?"

मी वळून बघितलं. "माहीत नाही. लिहिलेलं नाही."

"पण गेली."

"हो."

"आणि म्हातारीला कळलं. दार लावून बघितलं तेव्हा."

"हो पप्पा."

"आयला," पप्पा म्हणाले.

घरी आई दारातच होती. "नंबर आला?"

"बाद झाले."

"बाद? अगं, काय झालं काय? घसा बसला?"

"हिनं शेवट बदलला," पप्पा चपला काढत म्हणाले.

"मी नाही बदलला. आधी बदलला होता, आज होता तिथं ठेवला." आणि ओट्यापाशी उभी राहून मी आईला सगळं सांगितलं. तेल, अंथरूण, दार. आईने गॅस बारीक केला. ती अशी ऐकत होती की मी पहिल्यांदा गोष्ट सांगत होते असं वाटलं.

"सासू रोज दारातच झोपायची?" आईने विचारलं.

"दाराला लागून."

"आणि हिनं किती वर्षं घातलं तेल?"

"तसं लिहिलेलं नाही. दर शनिवारी, एवढंच."

आईने लाटलेलीच पोळी पुन्हा लाटली. मग एकदम भानावर आल्यासारखी म्हणाली, "रविवारी मेळाव्यात नको हो हे. पुढच्या रांगेत सगळ्या सासवाच असतात."

"तेच म्हणतो मी," पप्पा म्हणाले. "सुमनकाकींना मी शब्द दिलाय. फलक लागलाय. उद्या गल्ली म्हणेल, नलवड्यांची पोरगी बायकांना घर सोडून जायला शिकवते. तुला कळलं, मला कळलं, झालं की! तिथं जुनीच सांग. चार बायका रडतील, तुझं कौतुक होईल, आज गेलेलं सगळं भरून येईल."

खरं होतं ते. रविवारी एकदा 'अनसूये' म्हणून आवाज फोडला असता तर कोल्हापूरचं कुणी नावही काढलं नसतं. आई माझ्याकडे बघत होती. "ऐक बाळा पप्पांचं," ती म्हणाली. पण ते म्हणताना तिचा आवाज इतका बारीक होता की मला ते तिला खरंच म्हणायचं आहे असं वाटेना.

आईने वाढून ठेवलेलं ताट मी बाजूला सरकवलं.

"आई, पप्पा, ऐका. रविवारी मी जाणार. साडी नेसून, गजरा माळून, तुम्ही म्हणाल तशी जाणार. पण आजवर प्रत्येक वेळी त्या बाईला विहिरीत मी ढकललंय. आता ढकलणार नाही. गोष्ट आहे तशी सांगणार, पुढच्या रांगेत कुणीही बसू दे. सुमनकाकींना हे तुम्ही कळवताय, की मी फोन करू?"